पहिल्या पावलाआधीची पावलं

बाळाची वाढ समजून घेताना : भाग ६

गेल्या आठवड्यात नवजात बाळाला काय दिसतं आणि काय ऐकू येतं, ते आपण पाहिलं. आज हालचालींकडे वळू. सुरुवात एका कोड्यापासून करू.

दोन-तीन दिवसांच्या बाळाला तपासताना डॉक्टर त्याला काखेत धरून उभं करतात, तळपाय टेबलाला टेकवतात आणि बाळाला जरासं पुढे झुकवतात. बाळ एक गुडघा वाकवतं, पाय उचलतं, पुढे टेकवतं. मग दुसरा पाय. ज्याला अजून स्वतःची मानही धरता येत नाही, ते बाळ टेबलावर चक्क पावलं टाकतं. शेजारी उभी असलेली आजी हरखून म्हणते, "अगंबाई, हा तर आत्ताच चालायला लागला!" पण हेच बाळ दोन महिन्यांचं झाल्यावर तसंच धरून पाहिलं, तर बहुतेक वेळा पाय जागचे हलत नाहीत. पावलं दिसेनाशी झालेली असतात. ती पुन्हा दिसतात ती थेट वर्षाच्या आसपास, बाळ खरोखर चालू लागतं तेव्हा. मधल्या काळात ती गेली कुठे?

येणाऱ्या आणि जाणाऱ्या हालचाली

नवजात बाळाच्या बऱ्याच हालचाली त्याने ठरवून केलेल्या नसतात. स्पर्श झाला, तोल गेला, मोठा आवाज आला की शरीर आपोआप ठरावीक प्रतिसाद देतं. या प्रतिक्षिप्त क्रिया. गालाला बोट लागलं की बाळ त्या बाजूला तोंड वळवून आ करतं; दूध शोधण्याची ही सोय साधारण चौथ्या महिन्यापर्यंत राहते. तळहातावर बोट ठेवलं की मूठ घट्ट मिटते. "मला सोडतच नाही" म्हणून मामा खूश होतो, पण बाळाने अजून ठरवून काही धरलेलं नसतं. तीन-चार महिन्यांत ही आपोआप मिटणारी मूठ सैल पडते आणि मगच हवी ती वस्तू हवी तेव्हा धरणं सुरू होतं.

सगळ्यात जास्त घाबरवणारी क्रिया म्हणजे दचकणं. बाळाला पाळण्यात ठेवताना डोकं अचानक किंचित मागे गेलं, की दोन्ही हात झटकन बाहेर फेकले जातात, बोटं पसरतात, मग हात पुन्हा छातीकडे येतात आणि बाळ रडू लागतं. जर्मनीतल्या हायडेलबर्गचे बालरोगतज्ज्ञ अर्न्स्ट मोरो यांनी १९१८ मध्ये या क्रियेचं वर्णन केलं आणि ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. आपल्याकडे बाळ असं दचकलं की लगेच मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढतात. पण सुरुवातीच्या महिन्यांत हे दचकणं प्रकृती ठीक असल्याची खूण असते. डॉक्टर ती मुद्दाम तपासतात आणि त्यात दोन्ही हात सारखे उघडतात का, हे पाहतात. एकच हात उघडला आणि दुसरा तसाच पडून राहिला, तर बाळंतपणात गळ्याजवळचं हाड मोडलं आहे का किंवा हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंना ताण बसला आहे का, हे बघावं लागतं. चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान मोरो क्रिया मावळते.

या क्रिया मज्जारज्जू आणि मेंदूचा खालचा भाग चालवतो. मेंदूचा वरचा थर जसजसा कारभार हाती घेतो, तसतशा त्या मागे पडतात. त्या मागे पडणं गरजेचंही असतं. एक उदाहरण पाहा. दोन महिन्यांच्या उताण्या बाळाची मान उजवीकडे वळली, की उजवा हात सरळ होतो आणि डावा कोपरात दुमडतो. ही क्रिया टिकून आहे तोवर बाळाला दोन्ही हात छातीवर एकत्र आणणं आणि पालथं पडणं अवघड जातं. चार ते सहा महिन्यांत ती गेली की बाळ खुळखुळा दोन्ही हातांनी धरून तोंडात घालतं आणि एके दिवशी अंथरुणावर पालथं झालेलं सापडतं.

काही क्रिया मात्र उशिरा येतात आणि जन्मभर राहतात. सात ते नऊ महिन्यांच्या बाळाला छातीशी आडवं धरून डोकं झटकन खाली नेलं, तर ते दोन्ही हात पुढे पसरतं. पडताना चेहरा वाचवणारी ही क्रिया चालायला शिकण्याच्या आत तयार होते आणि मोठेपणीही आपल्याला सांभाळते. ही तपासणी डॉक्टरांनीच करायची. घरी करून पाहायची नाही.

पावलं गेली कुठे?

आता कोड्याकडे वळू. नवजात बाळाची पावलंही अशीच मेंदूच्या वाढीबरोबर मावळतात, असं पूर्वी सर्रास मानलं जाई. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एस्थर थेलेन यांना ते पटेना. कारण पावलं टाकणं बंद केलेली बाळं उताणी पडून पाय झाडताना अगदी त्याच लयीत, आळीपाळीने गुडघे वाकवत होती. मेंदूने ती हालचाल पुसली असती, तर ती आडवं पडल्यावर तरी कशी उरली असती?

थेलेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये दोन साधे प्रयोग प्रसिद्ध केले. पावलं टाकणाऱ्या लहान बाळांच्या पायांना त्यांनी थोडं वजन बांधलं. पुढच्या काही आठवड्यांत पाय आपसूक जितके जड होतात, तेवढंच हे वजन होतं. पावलं कमी झाली. मग बाळांना छातीपर्यंत कोमट पाण्यात उभं धरलं. पाण्यात पाय हलके झाले आणि पावलं वाढली. म्हणजे हालचाल मेंदूतून गेलेलीच नव्हती. पहिल्या दोन महिन्यांत बाळ बाळसं धरतं, मांड्या गुबगुबीत होतात, पण तो भार उचलण्याइतके स्नायू अजून बळकट झालेले नसतात. घरातले सगळे ज्या बाळशावर खूश असतात, तेच काही काळ पावलांना अडवून धरतं.

या प्रयोगांमुळे वाढीकडे पाहण्याची नजर बदलली. येलमध्ये काम करणाऱ्या अर्नोल्ड गेझेल यांच्या काळापासून असा समज रूढ होता, की बाळ एका आतल्या वेळापत्रकाने वाढतं: आधी मान, मग धड, मग पाय. हा क्रम आजही बरोबर आहे. पण वेळ एकट्या मेंदूच्या हाती नसते. शरीराचं वजन, स्नायूंचं बळ, खालची जमीन, अंगावरचे कपडे, मिळणारी मोकळीक या सगळ्यांची जुळणी झाली की नवी हालचाल जमते. ती जुळणी प्रत्येक बाळात वेगळ्या दिवशी होते. म्हणूनच 'कुठल्या महिन्यात चालायला हवं?' या प्रश्नाला एका आकड्याचं उत्तर नाही.

तारीख नव्हे, कालावधी

मग उत्तर काय? जागतिक आरोग्य संघटनेने घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतल्या ८१६ निरोगी मुलांची नियमित पाहणी केली आणि २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. भारतातली मुलं दक्षिण दिल्लीतली होती. सहा टप्पे तपासले आणि प्रत्येकासाठी एक तारीख न देता कालावधी दिला. आधाराशिवाय बसणं ३.८ ते ९.२ महिने. धरून उभं राहणं ४.८ ते ११.४. हात आणि गुडघ्यांवर रांगणं ५.२ ते १३.५. धरून चालणं ५.९ ते १३.७. एकट्याने उभं राहणं ६.९ ते १६.९. एकट्याने चालणं ८.२ ते १७.६ महिने.

शेवटचा आकडा पुन्हा वाचा. एक बाळ नवव्या महिन्यात चालतं, दुसरं सतराव्या महिन्यात, आणि दोन्ही पूर्ण निरोगी असू शकतात. लवकर चाललेलं मूल पुढे जास्त हुशार निघतं, असंही नाही. जावेच्या मुलाशी किंवा सोसायटीतल्या बाळाशी तुलना करून आईला टोमणे मारण्याला कसलाही आधार नाही. त्याच पाहणीत ४.३ टक्के मुलं हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. काही मुलं पोटावर सरपटतात, काही बसल्या बसल्या घसरतात, काही थेट उभी राहतात.

दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाचा हिशोब वेगळा असतो. चाळीस आठवड्यांऐवजी बत्तीस आठवड्यांत जन्मलेलं बाळ सहा महिन्यांचं झालं, की त्याच्याकडून चार महिन्यांच्या बाळाइतकीच अपेक्षा ठेवायची. दोन वर्षांपर्यंत असं सुधारित वय धरतात.

बारीक हालचाली आपल्या घरातच दिसतात. सहाव्या महिन्याच्या सुमारास बाळ अख्ख्या पंजाने वस्तू कवळतं आणि या हातातून त्या हातात घेऊ लागतं. नऊ ते बारा महिन्यांत अंगठा आणि तर्जनी यांची चिमूट जमते. संक्रांतीच्या सुमारास बोरन्हाणात सतरंजीवर चुरमुरे सांडतात, तेव्हा दहा महिन्यांचं बाळ काय करतं ते पाहा. आधी पंजा आपटतं, चुरमुरे उडतात. मग तर्जनी पुढे काढून एकच चुरमुरा दाबतं, अंगठा जवळ आणतं आणि अलगद उचलतं. उचललेलं ते थेट तोंडात घालणार, म्हणून त्या वयाच्या बाळाजवळ बोरं, शेंगदाणे, हलव्याचे दाणे ठेवू नयेत. घशात अडकतात.

घरात काय करावं

हालचाल शिकण्यासाठी बाळाला जमीन लागते. झोपवताना उताणंच झोपवावं, तेच सुरक्षित. पण जागं असताना, कुणी समोर बसलेलं असताना, पहिल्या आठवड्यांपासून थोडा थोडा वेळ पालथं ठेवावं. मान, खांदे आणि पाठ तिथेच बळकट होतात. सुरुवातीला बाळ कुरकुरतं; एक-दोन मिनिटांनीही चालतं, फक्त दिवसातून अनेकदा करावं. मालिश छान, पण पाय ओढून ताणू नयेत. दुपट्यात गुंडाळताना पाय सरळ करून घट्ट बांधू नयेत; खुब्याच्या सांध्याला ते घातक ठरू शकतं. पाय वाकवून हलवता यायला हवेत.

चाकांचा वॉकर विकत घेऊ नका. त्यात बाळ खुर्चीत लोंबकळतं, चवड्यांनी जमीन ढकलतं, स्वतःचा तोल सांभाळत नाही. शिवाय ते क्षणात जिन्यापाशी किंवा गरम भांड्यापाशी पोचतं. कॅनडाने २००४ मध्ये असे वॉकर बंद केले. आपला लाकडी पांगुळगाडा वेगळा. त्यात बाळ स्वतःच्या पायांवर उभं राहून गाडा ढकलतं, वजन आणि तोल दोन्ही त्याचे असतात. गाडा वजनदार हवा, आणि सोबत मोठं माणूस हवंच.

आणि पडू द्या. न्यूयॉर्कमध्ये संशोधन करणाऱ्या कॅरन अडॉल्फ यांनी १२ ते १९ महिन्यांच्या मुलांच्या मुक्त खेळाची नोंद केली, तेव्हा तासाला सरासरी २,३६८ पावलं आणि १७ वेळा पडणं आढळलं. इतक्या सरावातून चाल घडते. प्रत्येक पडण्याला धावून जाऊन बाळाला कडेवर घेतलं, तर सराव तेवढा कमी होतो. टोकदार कोपरे झाका, फरशी कोरडी ठेवा, घरात बाळाला अनवाणी राहू द्या.

कधी थांबायचं नाही

कालावधी मोठा आहे, म्हणून कितीही वाट पाहायची असा अर्थ काढू नये. "आमचाही उशिराच चालला होता, होईल हळूहळू" हे वाक्य घरोघरी प्रेमाने म्हटलं जातं, पण त्यात काही मुलांचे मोलाचे महिने जातात. कालावधीची शेवटची मर्यादा ओलांडली, की तपासणी करायचीच. काही खुणा दिसल्या तर त्या मर्यादेचीही वाट पाहू नये: अंग फार सैल किंवा फार ताठ असणं, चौथ्या महिन्यानंतरही मुठी सतत आवळलेल्या असणं, सहा महिन्यांनंतरही मोरो क्रिया दिसणं, वर्षाच्या आत एकच हात वापरणं, उभं केल्यावर कायम चवड्यांवरच राहणं, आणि सगळ्यात महत्त्वाचं, आधी जमत असलेली गोष्ट जमेनाशी होणं. पहिल्या वर्षात बाळ 'डावखुरं' दिसलं तर कौतुक नंतर करा, आधी डॉक्टरांना दाखवा. दुसऱ्या बाजूला अशक्तपणा असू शकतो.

उशिराची काही कारणं, म्हणजे थायरॉइडची कमतरता, ड जीवनसत्त्वाचा अभाव, रक्तक्षय, औषधांनी सुधारतात. सेरेब्रल पाल्सीसारख्या स्थितीत लवकर सुरू झालेल्या फिजिओथेरपीचा फायदा होतो, कारण लहान मेंदू नवे मार्ग शिकायला जास्त तयार असतो. त्यासाठी यंत्रणाही आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघरमधून झाली. त्याची पथकं वर्षातून दोनदा अंगणवाड्यांत येतात आणि गरज असलेल्या मुलांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. तिथली तपासणी आणि उपचार मोफत असतात. भारतीय बाळांच्या मोजमापाची साधनंही आपल्याकडे घडली आहेत. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी उभी केलेली चाचणी ३० महिन्यांपर्यंतच्या मुलांच्या हालचाली ६७ बाबींत तपासते.

हे सगळं लक्षात ठेवणं जड वाटत असेल, तर लसीकरणाच्या कार्डाला जोडून ठेवा. चौदाव्या आठवड्याच्या लसीला विचारा: मान धरू लागलं आहे का? नवव्या महिन्याच्या गोवर-रुबेलाच्या लसीला विचारा: आधाराशिवाय बसतं का? सोळाव्या महिन्यानंतरच्या बूस्टरला विचारा: एकट्याने चालतं का? बाळ दवाखान्यात असतंच, डॉक्टर किंवा नर्सताई समोर असतात. इंजेक्शन झाल्यावर लगेच उठू नका. प्रश्न विचारा, बाळाला जमिनीवर सोडून दाखवा. उत्तर 'नाही' असेल, तर पुढच्या तपासणीची तारीख घेऊनच घरी जा.

पुढच्या भागात : हुंकारापासून पहिल्या शब्दापर्यंत.