इंजिन खोलण्याआधी गेज लावा: जुन्या गाडीचं निदान हेच तुमचं पहिलं प्रॉडक्ट



छोटं गॅरेज टाकायचा विचार करताय? मग एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. गिऱ्हाईक तुमच्याकडे पिस्टन-रिंगा घ्यायला येत नाही. ते येतं "गाडी ओढत नाही" अशी तक्रार घेऊन. कारण शोधून देणं, हेच तुमचं पहिलं प्रॉडक्ट.

उदाहरण घेऊ मारुती 800 चं. 1983 च्या डिसेंबरात आली, 2014 च्या जानेवारीत उत्पादन थांबलं. 796 सीसी, तीन सिलिंडर. अशी जुनी गाडी चढाला दम टाकते, सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी बसते. लगेच निकाल लागतो, "इंजिन काम निघालं!" माझ्या स्पेअर पार्ट्सच्या काउंटरवर कुणी रिंग सेट मागितला की मी विचारतो, "कॉम्प्रेशन किती आलं?" पुष्कळदा उत्तरच नसतं.

टेस्ट कशी करायची?

1. बॅटरी फुल चार्ज असू द्या. इंजिन गरम करून बंद करा.
2. इग्निशन कॉइलचं कनेक्शन काढा, पेट्रोल सप्लाय बंद करा. मग तिन्ही प्लग काढा.
3. गेज लावा, एक्सलेटर पूर्ण दाबून धरा आणि इंजिन पाच-सहा फेरे फिरेल इतका सेल्फ मारा.
4. तिन्ही सिलिंडरचे आकडे कागदावर लिहा. कंपनीच्या मॅन्युअलशी ताडून बघा.

आकडे काय सांगतात?

समजा 150, 145 आणि 90 पीएसआय आलं. तिसऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाका, परत मोजा. आकडा चांगला वाढला तर रिंगा किंवा बोअर झिजलाय. वाढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटकडे बघा. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी असतील, तर गॅस्केटचा संशय जास्त.

आता समजा 100, 100 आणि 95 आलं. तिन्ही सारखेच कमी! इथे घाई करू नका. टायमिंग बेल्टचा दात सरकला तर व्हॉल्व्ह चुकीच्या वेळी उघडतात-मिटतात आणि सगळ्याच सिलिंडरचं कॉम्प्रेशन पडतं. म्हणून आधी कव्हर काढून पुलीच्या खुणा जुळतात का ते बघा. मग फीलर गेजने टॅपेट तपासा. गाडी गॅसवर चाललेली असेल तर हे विसरूच नका. व्हॉल्व्ह सीट झिजली की टॅपेटचा गॅप संपतो, व्हॉल्व्ह नीट बसत नाही. खुणा बरोबर, टॅपेट बरोबर, तरीही आकडे कमी? मग ऑइल टाकून तिन्हींची टेस्ट करा.

आणि कॉम्प्रेशन उत्तम असूनही गाडी ओढत नसेल तर? टायमिंग लाइट लावा. ठिणगी उशिरा पडली तर ताकद जाते, इंजिन तापतं. लवकर पडली तर नॉकिंग होतं. लक्षात घ्या, ठिणगीचं टायमिंग बिघडल्याने गेजवरचा आकडा पडत नाही. बेल्टचं टायमिंग बिघडलं तर पडतो.

यात धंदा कुठे आहे?

हिशोब करा. दोष बेल्टचा होता आणि तुम्ही रिंगा बदलल्या. गाडी परत आली. दुसऱ्यांदाची मजुरी फुकट, जागा अडली, आणि गिऱ्हाईक चौकात बसून तुमचं नाव सांगणार ते वेगळंच. जुनी गाडी वापरणाऱ्यासाठी इंजिन कामाचा खर्च म्हणजे कधीकधी महिन्याचा पगार असतो. तो अंदाजावर उडवायचा हक्क आपल्याला नाही.

म्हणून तपासणीचे पैसे वेगळे आणि आधीच सांगून घ्या. काम तुमच्याकडेच केलं तर बिलातून वजा करा. गिऱ्हाईकाच्या हातात एक कागद द्या: तिन्ही आकडे, ऑइल टाकल्यावरचे आकडे, बेल्टच्या खुणा, टॅपेट, तुमचा सल्ला. "इंजिन काम नको, बेल्ट सेट केला की झालं" असं लिहून देणाऱ्याचं त्या दिवशीचं बिल छोटं होतं. पण पुढची गाडी त्याच्याच दारात येते.

कॉम्प्रेशन गेज, फीलर गेज, टायमिंग लाइट. महागड्या बोर्डाआधी ही तीन हत्यारं घ्या, आणि ओळखीतल्या एका चांगल्या गाडीवर हात बसवा. चांगल्या इंजिनचे आकडे माहीत असले की आजारी इंजिन लगेच कळतं.

भेटू पुढच्या व्हिडिओत!