व्यावसायिक बोधचिन्हाची भव्य आकारातील मुद्रणासाठी सिद्धता : स्वरूप, प्रक्रिया आणि दक्षता

बीजसंज्ञा : बोधचिन्ह, वेक्टर, रिझोल्यूशन, रंगपद्धती, देवनागरी अक्षरवळण, स्वामित्व.

प्रस्तावना

बोधचिन्ह ही व्यवसायाची दृश्य स्वाक्षरी होय. ग्राहक नाव वाचण्यापूर्वी चिन्ह ओळखतो आणि त्या ओळखीवरच विश्वास उभा राहतो. मोठ्या उद्योगांकडे ही ओळख सांभाळणारे स्वतंत्र विभाग असतात. लहान व्यावसायिक, सहकारी संस्था व बचत गट यांची भिस्त मात्र गावातील डी.टी.पी. केंद्रावर आणि छापखान्यावर असते.

समजा, मसाले तयार करणाऱ्या एका महिला बचत गटाने असेच एक बोधचिन्ह करून घेतले. पाकिटावरील तीन सेंटिमीटरच्या लेबलावर ते सुबक दिसते. पुढे मुंबईतील ‘महालक्ष्मी सरस’सारख्या प्रदर्शनासाठी दहा फूट रुंदीचा फलक करण्याचे ठरते. त्या वेळी हाताशी असते ती केवळ भ्रमणध्वनीवर आलेली बोधचिन्हाची प्रतिमा. ती ताणून छापली जाते. कडांना पायऱ्या पडतात, लाल रंग विटकरी होतो आणि नावातील जोडाक्षर तुटते. फलकाचा खर्च तर होतोच, शिवाय ज्या ठिकाणी प्रथमच मोठा ग्राहकवर्ग भेटावयाचा, तेथेच मालाविषयी शंका निर्माण होते. अशी चूक का होते व ती कशी टाळता येते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

१. बिंदुरूप व रेषारूप प्रतिमा

संगणकातील प्रतिमा प्रामुख्याने दोन प्रकारे साठविली जाते. पहिल्या प्रकारात ती असंख्य चौकोनी रंगबिंदूंची, म्हणजे पिक्सेलची जाळी असते. छायाचित्रे याच प्रकारची असून जेपीईजी हे त्यांचे परिचित रूप आहे. या प्रतिमेतील बिंदूंची संख्या ठरलेली असते. प्रतिमा मोठी केली की बिंदूच मोठे होतात किंवा संगणक मधले बिंदू अंदाजाने भरतो. मुळात नसलेला तपशील त्यामुळे निर्माण होत नाही.

दुसऱ्या प्रकारात, म्हणजे वेक्टर प्रतिमेत, बिंदूंऐवजी रेषांची गणिती वर्णने साठविलेली असतात. रेषा कोठून निघते, कोठे पोहोचते आणि वाटेत कशी वळते, एवढीच माहिती संगणक ठेवतो आणि हव्या त्या आकारात ती रेषा नव्याने रेखाटतो. या वक्ररेषांना बेझिए वक्र म्हणतात. फ्रान्समधील मोटारउद्योगात सित्रोएन कंपनीतील पॉल द कास्तेल्जो आणि रेनो कंपनीतील पिएर बेझिए यांनी गाडीच्या सांगाड्याचे आकार नेमकेपणाने नोंदविण्यासाठी या पद्धतीवर स्वतंत्रपणे काम केले. पुढे अॅडोबी कंपनीच्या पोस्टस्क्रिप्ट या मुद्रणभाषेत, १९८७ मधील इलस्ट्रेटरमध्ये आणि १९८९ मधील कोरलड्रॉमध्ये याच वक्रांचा आधार घेण्यात आला.

ही कल्पना आपल्याकडील चित्रकारांना नवी नव्हती. भिंतीवर जाहिरात रंगविणारा पेंटर लहान चित्रावर चौकटी आखत असे, भिंतीवर त्याच प्रमाणात मोठ्या चौकटी पाडत असे आणि प्रत्येक चौकटीतील रेषा पुन्हा काढत असे. रेषा नव्याने काढली जात असल्यामुळे भिंतीवरील अक्षराची कड लहान चित्राइतकीच स्वच्छ राहत असे. वेक्टर पद्धतीत हेच काम संगणक करतो.

२. रिझोल्यूशन आणि पाहण्याचे अंतर

‘छपाईसाठी एका इंचात तीनशे बिंदू हवेत’ हा नियम सर्वत्र सांगितला जातो, परंतु त्यामागील कारण क्वचितच स्पष्ट केले जाते. सामान्य निरोगी डोळा सुमारे एक कलामिनिट, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाइतका कोन वेगळा ओळखू शकतो. तीस सेंटिमीटर अंतरावरील कागदावर हा कोन सुमारे ०.०९ मिलिमीटर भरतो. इंचात असे जवळजवळ तीनशे बिंदू बसतात. अंतर वाढले की ही गरज त्याच प्रमाणात कमी होते. तीन मीटरवर इंचाला तीस आणि दहा मीटरवर नऊ-दहा बिंदू पुरतात. रस्त्यावरील भव्य फलकांची छायाचित्रे कमी रिझोल्यूशनची असूनही चांगली दिसतात, ती यामुळेच.

वरील उदाहरणातील प्रतिमा सहाशे पिक्सेल रुंद आहे असे मानू. दहा फूट म्हणजे १२० इंच. म्हणजेच इंचाला पाच बिंदू पडतात आणि प्रत्येक बिंदू सुमारे पाच मिलिमीटरचा होतो. एक कलामिनिटाच्या हिशेबाने सुमारे सतरा मीटरपर्यंतच्या प्रेक्षकास तो वेगळा दिसू शकतो. प्रदर्शनातील ग्राहक तर दोन-तीन मीटरवर उभा असतो.

येथे आणखी एक बाब महत्त्वाची ठरते. सरळ रेषेतील किंचित तुटकपणा ओळखण्याची डोळ्याची क्षमता एक कलामिनिटाहून कितीतरी सूक्ष्म असते. छायाचित्रातील पाने, चेहरे, सावल्या यांत बिंदू मिसळून जातात, परंतु बोधचिन्हाच्या सपाट रंगाच्या कडेवरील पायरी चटकन खटकते. म्हणून फलकावरील छायाचित्र बिंदुरूप चालले, तरी बोधचिन्ह वेक्टर असणेच श्रेयस्कर.

३. मूळ आरेखनाची शुद्धी

वेक्टर फाइल उपलब्ध नसल्यास बोधचिन्ह पुन्हा रेखाटावे लागते. त्यासाठी स्वयंचलित ट्रेसिंगची सोय असते, परंतु ती सावधपणे वापरावी. अस्पष्ट प्रतिमेतील डागही संगणक आकार म्हणून टिपतो आणि साध्या वर्तुळाला अनेक अनावश्यक नोड देतो. लहान आकारात हे लक्षात येत नाही, मोठ्या आकारात मात्र वर्तुळ खडबडीत दिसते. वास्तविक वर्तुळासाठी चार नोड पुरेसे असतात. चार बेझिए वक्रांनी केलेले वर्तुळ खऱ्या वर्तुळापासून त्रिज्येच्या ०.०३ टक्क्यांहूनही कमी ढळते. एक मीटर त्रिज्येच्या चिन्हात ही चूक पाव मिलिमीटरच्या आसपास राहते. म्हणून मूळ प्रतिमा तळाशी ठेवून कुशल हाताने पुन्हा रेखाटन करणे हाच खात्रीचा मार्ग होय.

रेषांच्या जाडीकडेही लक्ष द्यावे लागते. आकार मोठा करताना रेषेची जाडी त्याच प्रमाणात वाढविण्याची सोय बंद असेल, तर चिन्ह दहापट होते आणि रेषा मात्र पूर्वीइतकीच बारीक राहते. त्यामुळे अंतिम फाइलमध्ये अशा रेषांचे बंद आकारांत रूपांतर करावे.

रचना जितकी साधी, तितकी ती आकारबदल सहज सोसते. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतील शेखर कामत यांनी १९७१ मध्ये साकारलेले भारतीय स्टेट बँकेचे चिन्ह याचा उत्तम दाखला आहे. निळे वर्तुळ, त्यातील लहान वर्तुळ आणि खाली जाणारी फट एवढ्यावरच ते उभे असल्यामुळे पासबुकावर आणि इमारतीवर ते सारखेच ओळखू येते.

४. देवनागरी अक्षरांचा प्रश्न

मराठी बोधचिन्हांच्या बाबतीत एक अडचण विशेष जाणवते. युनिकोड रूढ होण्यापूर्वी, आणि कित्येक ठिकाणी त्यानंतरही, डी.टी.पी. केंद्रांतील काम निरनिराळ्या कंपन्यांच्या स्वतंत्र संकेतप्रणालींच्या फॉण्टमध्ये होत आले आहे. असा फॉण्ट दुसऱ्या संगणकावर नसेल, तर मजकुराच्या जागी निरर्थक इंग्रजी अक्षरे व चिन्हे उमटतात. युनिकोड फॉण्ट असला तरी त्याच्या जागी दुसरा फॉण्ट आल्यास ‘श्र’, ‘क्ष’, ‘ल’, ‘श’ यांची वळणे बदलतात, रफार सरकतो, जोडाक्षर सुटते. मराठी वळणाचा ‘ल’ जाऊन हिंदी वळणाचा येणे ही तर नित्याची तक्रार आहे.

यावरील उपाय सोपा आहे. नावातील अक्षरांचे रेषाकृतींत रूपांतर करावे. छापखान्याच्या भाषेत यास ‘कर्व्ह करणे’ म्हणतात. त्यानंतर अक्षर हा मजकूर न राहता आकार बनतो व फॉण्टवर अवलंबून राहत नाही. मात्र त्यात पुढे शुद्धलेखनाची दुरुस्ती करता येत नाही. म्हणून आधी मुद्रितशोधन, नंतर रूपांतर हा क्रम पाळावा आणि संपादनयोग्य प्रत वेगळी जपून ठेवावी.

५. रंगांची निश्चिती

संगणकाचा पडदा लाल, हिरवा व निळा प्रकाश मिसळून रंग दाखवितो, तर छपाई सायन, मॅजेंटा, पिवळा व काळा या शाईंनी होते. शाई प्रकाश शोषते. त्यामुळे पडद्यावरील झगझगीत केशरी, पोपटी किंवा गडद निळा रंग चार शाईंत जसाच्या तसा उतरत नाही. बोधचिन्हाचा रंग निवडतानाच तो शाईत कसा दिसेल याची परीक्षा घेणे हिताचे ठरते.

रंग निश्चितपणे सांगण्यासाठी १९६३ पासून पॅन्टोन ही क्रमांकित रंगपद्धती प्रचलित आहे. बोधचिन्हाच्या प्रत्येक रंगासाठी पॅन्टोन क्रमांक, चार शाईंची टक्केवारी आणि पडद्यासाठीची मूल्ये, अशा तिन्ही नोंदी एकत्र ठेवाव्यात. तरीही कागद, कापड, व्हिनाइल व फ्लेक्स यांवर एकच शाई वेगवेगळी दिसते, हे गृहीत धरावे लागते. मोठ्या पृष्ठावर केवळ काळी शाई वापरल्यास काळा रंग राखाडी भासतो. त्यासाठी अन्य शाईंची जोड देतात, परंतु तिचे प्रमाण त्या विशिष्ट यंत्रास मानवणारे असावे, म्हणून ते छापखान्याकडूनच घ्यावे.

६. प्रमाण, फाइल आणि नमुना मुद्रण

भव्य फलकाची फाइल पूर्ण आकारात करणे नेहमी शक्य नसते. इलस्ट्रेटरमधील नेहमीच्या कॅनव्हासची मर्यादा २२७ इंच आहे. म्हणून एकास दहा अशा प्रमाणात काम करून ते प्रमाण फाइलच्या नावातच नोंदवितात. या फाइलमध्ये छायाचित्र असल्यास त्याचे रिझोल्यूशन अंतिम गरजेच्या दहापट ठेवावे लागते. अंतिम आकारात इंचाला तीस बिंदू हवे असतील, तर लहान प्रतीत ते तीनशे हवेत.

मुद्रणासाठी पीडीएफ हे रूप सोयीचे आहे. मुद्रणातील देवाणघेवाणीसाठी पीडीएफ/एक्स हे स्वतंत्र आंतरराष्ट्रीय मानकही आहे. मात्र फाइलचे नाव पीडीएफ असल्याने आतील चित्र वेक्टर होत नाही, कारण जेपीईजी प्रतिमाही पीडीएफमध्ये बसविता येते. पडद्यावर बरेच मोठे करून कड तपासली असता हा भेद कळतो. फलकाच्या कडा दुमडणे, शिवणे व रिंगा बसविणे यांसाठी किती जागा सोडावयाची, हेही आधी विचारून घ्यावे.

संपूर्ण फलक छापण्यापूर्वी बोधचिन्हाचा एक भाग प्रत्यक्ष आकारात, त्याच साहित्यावर, त्याच यंत्रावर छापून पाहावा. तो अपेक्षित अंतरावरून, दिवसाच्या उजेडात आणि फलक रात्री उजळणार असेल तर त्या दिव्यांतही पाहावा. हातभर नमुन्याचा खर्च अल्प असतो, पूर्ण फलक पुन्हा छापण्याचा मात्र मोठा.

७. मूळ फाइल आणि स्वामित्व

तांत्रिक सिद्धतेइतकाच स्वामित्वाचा प्रश्न मोलाचा आहे. अनेक लहान व्यवसायांची मूळ फाइल डी.टी.पी. चालकाच्या संगणकातच राहते. तो संगणक बिघडला किंवा केंद्र बंद झाले की बोधचिन्ह केवळ छापील रूपात उरते.

कॉपीराइट अधिनियम, १९५७ नुसार कलाकृतीचा प्रथम स्वामी सामान्यतः तिचा कर्ता असतो. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचे स्वामित्व, वेगळा करार नसल्यास, नियोक्त्याकडे जाते. स्वतंत्र आरेखकाकडून मात्र लेखी हस्तांतरण करून घेणे आवश्यक ठरते. त्या लेखात मुदत नमूद नसेल, तर कलम १९ अन्वये ती पाच वर्षे मानली जाते. मोबदला दिला म्हणजे चिन्ह कायमचे आपले झाले, हा समज त्यामुळे महागात पडू शकतो. व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ च्या कलम १० नुसार रंगमर्यादेविना नोंदविलेले चिन्ह सर्व रंगांसाठी नोंदविले गेल्याचे मानले जाते. म्हणून एकरंगी प्रतही पहिल्यापासून तयार असणे उपयुक्त ठरते.

समारोप

भव्य मुद्रणातील बहुतेक दोष छपाईयंत्राकडे जाण्यापूर्वीच फाइलमध्ये शिरलेले असतात. शुद्ध वेक्टर आरेखन, कर्व्ह केलेली अक्षरे, नोंदविलेले रंग, सांगितलेले प्रमाण आणि पाहिलेला नमुना या पाच गोष्टी सांभाळल्यास त्यांपैकी बरेच टळतात. यासाठी महागड्या प्रणालीचीच गरज आहे असेही नाही. इंकस्केप ही वेक्टर रेखाटनाची प्रणाली विनामूल्य उपलब्ध आहे, आणि चार शाईंची अंतिम जुळणी छापखान्यातही करून घेता येते.

वाणिज्य, संगणकशास्त्र व कला या शाखांच्या अध्यापकांना हा विषय एकत्रितपणे शिकविता येण्याजोगा आहे. परिसरातील एखाद्या बचत गटाचे बोधचिन्ह विद्यार्थ्यांनी पुन्हा रेखाटून, त्याच्या सर्व प्रती व लेखी स्वामित्वासह त्या गटाच्या स्वाधीन केल्यास भूमिती, रंगशास्त्र आणि व्यवसायविधी यांचा अभ्यास एकाच प्रकल्पात साधेल. गटालाही पुढील प्रदर्शनाच्या वेळी भ्रमणध्वनीतील जुनी प्रतिमा शोधावी लागणार नाही.