लेकराला 'मला राग आला' म्हणता आलं पाहिजे



बैल बुजला की आपल्याला तत्काळ समजतं. कान ताठ होतात, नाकपुड्या फुगतात. मग आपण आसूड बाजूला ठेवून त्याच्या मानेवरून हात फिरवतो. घरातलं तीन वर्षांचं पोर धाकट्या भावाला चावलं, तर मात्र "लई द्वाड झालंय" म्हणून पाठीत धपाटा घालतो. मनात काय चाललंय ते सांगायला त्याच्याजवळ शब्द नव्हता, म्हणून त्यानं दात वापरले.

साधारण तीन वर्षांच्या सुमारास मुले हसरा, रडका आणि रागावलेला चेहरा ओळखू लागतात. भीती ओळखणे त्याहून अवघड, आणि हेवा, लाज ही आणखी मागाहून उमजतात. तोवर भीती कधी कधी पोटदुखी होऊन बाहेर येते. अंगणवाडीच्या वेळेलाच पोट दुखणारं पोर लबाडी करतं, असं लगेच ठरवू नये. (दुखणं खरंच असेल तर डॉक्टरला दाखवावं, हे सांगणे नकोच.)

हे शब्द पाठांतराने येत नाहीत, खेळता खेळता येतात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडी सुरू केली, ती गावातल्याच साध्यासुध्या वस्तूंवर चालवली. आपल्यालाही बाजारातली खेळणी आणायची गरज नाही. भातुकली मांडलेली असते. जवळ बसून विचारावं, "बाहुली आज जेवत न्हाई, का बरं रुसली असंल?" आणि गप्प राहावं. उत्तर येतं, "तिची आई रानात गेली." पुष्कळदा हे उत्तर बाहुलीचं नसतं, पोराचं स्वतःचं असतं. तिथं उपदेश सुरू करू नये. "मग तिला एकटं वाटत असंल" एवढं म्हटलं तरी पुरे.

आजोबांनी नातवाला आरशापुढे घेऊन तोंडं करावीत: "वळख बरं, आता मी कसा झालो?" पाटीवर गोल काढून चिंचोक्यांचे डोळे आणि काडीचं तोंड लावावं, काडी वाकडी केली की चेहरा बदलतो.

आपल्या बोलीत शब्दांची वाण नाही. हिरमुसणं, फुगणं, बिचकणं, खट्टू होणं, धास्तावणं ही सगळी निरनिराळी. सगळ्यालाच "रडतंय" म्हटलं तर पोराला एकच शब्द मिळतो. "पोरगा असून रडतोस?" हे वाक्य तर आमच्या मते घरातून हद्दपार करावं.

मात्र पोर आकांत करीत असताना शिकवायला बसू नये. आधी जवळ घ्यावं, शांत होऊ द्यावं, मग नाव द्यावं: "गाडी मोडली म्हणून राग आला व्हय?" राग येऊ द्यावा, मारायचं नाही, हेही त्याच वेळी सांगावं.

गाळप हंगामात तोडणीच्या टोळ्यांबरोबर याच वयाची पोरं येतात. गाव सुटलेलं, कुणाची आजी मागं राहिलेली, आईबाप पहाटेच फडात. आपल्या अंगणात खेळ मांडला असेल तर कोपीवरच्या पोरांनाही हाक मारावी, आणि चिंचोके थोडे जास्तीचे ठेवावेत.