मायक्रॉनचा हिशेब

मोटारीच्या पत्र्यावर दिसणारा रंग वरवर पाहता एकसंध वाटत असला, तरी आधुनिक गाडीत तो चार थरांचा बनलेला असतो, आणि दुर्लक्षित गाडीची झळाळी परत आणण्याचा जो व्यवसाय आज डिटेलिंग या नावाने ओळखला जातो, त्यातील जवळपास प्रत्येक निर्णय या थरांच्या ज्ञानावर अवलंबून असतो. गंज रोखण्यासाठी गाडीचा संपूर्ण सांगाडा रंगाच्या टाकीत बुडवून विजेच्या प्रवाहाने बसवलेला पहिला थर, पृष्ठभाग सारखा करणारा प्रायमर, प्रत्यक्ष रंगद्रव्य धारण करणारा बेस कोट आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट, असा त्यांचा क्रम आहे. या सर्वांची एकत्रित जाडी साधारणपणे १०० ते १५० मायक्रॉन भरते, आणि एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यातील क्लिअर कोटच्या वाट्याला बहुधा ३५ ते ५० मायक्रॉन येतात. चकाकी, रंगाची खोली आणि सूर्याच्या अतिनील किरणांपासूनचे संरक्षण या तिन्ही गोष्टी या अत्यंत पातळ थराने पुरवायच्या असतात, आणि ओरखडे काढण्याचे सगळे काम त्याच थराला झिजवून करावे लागते.

स्वर्ल या नावाने ओळखले जाणारे ओरखडे याच थरात असतात. उन्हात उभ्या असलेल्या काळ्या किंवा गडद निळ्या गाडीच्या बोनेटवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे दिसतात, आणि ती पाहून कोणीतरी फडके गोल गोल फिरवल्यामुळेच ती उमटली असावीत असा समज होतो. वास्तविक बहुतेक ओरखडे सरळ आणि सर्व दिशांना पसरलेले असतात. मात्र त्यांपैकी जे ओरखडे प्रकाशाच्या दिशेला आडवे पडतात तेवढेच प्रकाश डोळ्यांकडे परतवतात, त्यामुळे बिंदूसारख्या प्रकाशस्रोताभोवती वर्तुळाचा भास निर्माण होतो. ढगाळ दिवशी किंवा ट्यूबलाइटच्या पसरट उजेडात तीच गाडी निर्दोष भासते. म्हणून या कामात तपासणीसाठी प्रखर, एकवटलेला प्रकाश देणारा दिवा अनिवार्य मानला जातो.

या ओरखड्यांचे मूळ अपघातात क्वचित आणि रोजच्या पुसण्यात बहुधा सापडते. मुंबई-पुण्याच्या गृहसंकुलांत सकाळी एकच बादली आणि एकच फडके घेऊन ओळीने अनेक गाड्या पुसल्या जातात, आणि पहिल्या गाडीवरची धूळ त्या फडक्यातून पुढच्या सर्व गाड्यांवर घासली जाते. रस्त्यावरच्या आणि बांधकामांच्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात आणि ते क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कठीण असतात, त्यामुळे कोरड्या फडक्याने धूळ झटकणे हे रंगाच्या दृष्टीने सौम्य प्रतीचे सँडपेपर फिरवण्याइतकेच घातक ठरते. त्यात बोअरवेलच्या जड पाण्याचे थेंब उन्हात वाळून मागे राहणारे क्षारांचे पांढरे डाग, पक्ष्यांच्या विष्ठेतील आम्लामुळे खचलेले ठिपके आणि झाडांचा चिकट स्राव यांची भर पडते. गाडीची निगा राखण्याच्या हेतूने रोज केलेले पुसणेच तिच्या रंगाचे सर्वाधिक नुकसान करत असते, आणि ते पुसणाऱ्याला स्वच्छ पाणी व पुरेशी फडकी न पुरवणाऱ्या व्यवस्थेवर त्याची जबाबदारी अधिक येते.

गाडीचा रंग घासून चमकवण्याची कल्पना मोटारीच्या रंगाच्या इतिहासाइतकीच जुनी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी गाड्यांना घोडागाड्यांप्रमाणेच ब्रशाने वार्निश चढवले जाई आणि ते वाळण्यास आठवडे लागत. ड्यूपाँट आणि जनरल मोटर्स यांनी विकसित केलेला ड्यूको हा नायट्रोसेल्युलोज लॅकर १९२४च्या ओकलंड गाड्यांवर आल्यानंतर वाळण्याचा हा काळ तासांवर आला. परंतु फवाऱ्याने दिलेल्या या लॅकरला चकाकी यावी म्हणून तो घासून पॉलिश करावा लागे, आणि त्यामुळे पॉलिशिंग हे उत्पादनाचेच एक अंग बनले. त्याच सुमारास थ्रीएम कंपनीने १९२१ साली पाण्यात भिजवून वापरता येणारा सँडपेपर बाजारात आणला, ज्याला मराठी गॅरेजमध्ये आजही वॉटर पेपर म्हणतात. याच कंपनीतील रिचर्ड ड्रू यांनी दोन रंगांच्या गाड्या रंगवणाऱ्या कारागिरांची अडचण पाहून १९२५ साली मास्किंग टेप तयार केली. आजचा डिटेलर रबरी पट्ट्या आणि प्लॅस्टिकचे भाग झाकण्यासाठी तीच टेप वापरतो.

दुर्लक्षित गाडीवर पॉलिशचे यंत्र प्रथम फिरवले जात नाही, आणि जेथे फिरवले जाते तेथून गाडी परत घेऊन जाणे शहाणपणाचे ठरते. आधी फेसाळ शाम्पूने सैल धूळ सुटू दिली जाते, मग दोन बादल्यांच्या पद्धतीने, म्हणजे एकीत शाम्पू आणि दुसरीत हातमोजा खळबळण्याचे स्वच्छ पाणी ठेवून, धुण्याचे काम होते. ब्रेकच्या झिजेतून उडून रंगात रुतलेले लोखंडाचे सूक्ष्म कण विरघळवणारे रसायन फवारल्यावर त्या कणांशी संयोग होऊन जांभळे ओघळ दिसू लागतात. एवढ्यानेही जे निघत नाही त्यासाठी क्ले बार, म्हणजे अपघर्षक मिसळलेली लवचीक वडी, ओल्या पृष्ठभागावर हलक्या हाताने फिरवली जाते. या टप्प्यानंतर तळहाताला रंग काचेसारखा गुळगुळीत लागतो, पण ओरखडे मात्र पूर्वीपेक्षा स्पष्ट दिसतात, कारण त्यांना झाकणारा मळ निघून गेलेला असतो.

यानंतर जाडी मोजली जाते. पोलादी पत्र्यावर चुंबकीय प्रेरणेच्या आणि ॲल्युमिनियमवर भोवरी प्रवाहाच्या तत्त्वावर चालणारा हा मापक पत्र्यापासून वरपर्यंतची एकूण जाडी दाखवतो. क्लिअर कोट किती उरला आहे हे नेहमीच्या वापरातला मापक वेगळे सांगू शकत नाही, आणि या मर्यादेचे भान ठेवणे हे कौशल्याचे खरे लक्षण आहे. एखाद्या दारावर आकडा अचानक दुप्पट आला तर तो भाग पुन्हा रंगवलेला आहे असे समजावे, आणि तो हजाराच्या घरात गेला तर खाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे असे समजावे. उलट शेजारच्या भागांच्या तुलनेत आकडा बराच कमी असेल तर तेथे पूर्वी कोणीतरी जोरकस रबिंग केलेले असण्याचा संभव असतो, आणि अशा ठिकाणी हात आखडता घ्यावा लागतो.

ओरखडा भरून येत नाही. त्याच्या भोवतालची पातळी त्याच्या तळापर्यंत खाली आणली की तो नाहीसा होतो, किंवा त्याच्या कडा गोलसर केल्या की तो प्रकाश कमी विखुरतो. त्यासाठी ॲल्युमिनियम ऑक्साइडसारखे सूक्ष्म कण असलेले कंपाऊंड आणि लोकर, मायक्रोफायबर किंवा फोमचे पॅड वापरतात. एकाच अक्षावर फिरणारे रोटरी यंत्र वेगाने कापते, परंतु उष्णता एका जागी साठवते आणि अननुभवी हातात होलोग्राम नावाच्या लांबट, सरकत्या प्रकाशरेषा मागे ठेवते. ड्युअल ॲक्शन यंत्रात पॅड स्वतःभोवती फिरता फिरता छोट्या वर्तुळात डोलतो, त्यामुळे घर्षण विखुरले जाते. इटलीतील १९४७ साली स्थापन झालेल्या रूपेस कंपनीने मोठ्या डोलाची अशी यंत्रे आणल्यानंतर सावकाश आणि सुरक्षित काम करणाऱ्यांची संख्या वाढली. कोणतेही यंत्र असो, बोनेटच्या एका कोपऱ्यातील हातभर चौकोनात सर्वांत सौम्य पॅड आणि सर्वांत सौम्य पॉलिश आधी आजमावायचे आणि ते अपुरे ठरल्यासच पुढची पायरी गाठायची, हा नियम या कामाचा पाया आहे. पत्र्याच्या धारदार कडांवरून ओला रंग ओघळून तेथे थर मुळातच पातळ बसलेला असतो, म्हणून अशा कडांवर टेप लावून त्या वाचवल्या जातात. क्षणभराच्या दुर्लक्षाने तेथे खालचा थर उघडा पडतो, आणि मग पुन्हा रंगवण्यावाचून उपाय उरत नाही.

या व्यवसायातील सर्वांत खेदजनक प्रथा म्हणजे तेल आणि मेण यांनी ओरखडे बुजवून गाडी ‘नव्यासारखी’ करून देणे. अशी गाडी दोन-चार धुण्यांनंतर पूर्ववत होते आणि मालक पुन्हा रबिंगसाठी येतो. प्रत्येक खेपेला थोडा क्लिअर कोट मात्र खरोखरच जातो. प्रामाणिक कारागीर पॉलिशनंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या पातळ द्रावणाने पृष्ठभाग पुसून सर्व तेल काढतो आणि मगच दिवा धरून काम तपासतो.

क्लिअर कोट येण्यापूर्वीच्या गाड्यांचा विषय वेगळा आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनीसारख्या जुन्या, एकाच थराच्या रंगाच्या गाड्यांत रंगद्रव्य थेट वरच उघडे असते; उन्हाने त्याला धरून ठेवणारे राळेचे बंध तुटले की रंग खडूसारखा भुरभुरीत होतो, आणि पॉलिश करताना पॅडवर गाडीचाच रंग उतरतो. नवख्याला ते पाहून धास्ती वाटते, पण येथे ते अपेक्षितच असते. मृत थर हलकेच काढून खालच्या कोरड्या रंगाला तेलयुक्त ग्लेझ मुरू देण्याची जुनी पद्धत अशा गाड्यांना आजही अधिक मानवते. मुंबईच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाल्यामुळे हौशी मालकांकडे उरलेल्या पद्मिनींचा मूळ रंग, जेथे तो शिल्लक आहे तेथे, आता जपण्याजोगा ऐवज ठरला आहे, आणि त्या रंगावर चढवलेला नवा तजेलदार रंग कितीही देखणा असला तरी तो त्याची जागा घेऊ शकत नाही.

काम पूर्ण झाल्यावर रंगावर संरक्षक थर चढवला जातो. ब्राझीलच्या ईशान्य भागातील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरून मिळणारे कार्नोबा मेण काही आठवडे किंवा महिने टिकते, तर सिलिकाचे संयुग असलेले सिरॅमिक कोटिंग नीट निगा राखल्यास वर्षानुवर्षे टिकू शकते. यांपैकी कोणताही थर वाळूच्या कणाने पडणारा ओरखडा रोखत नाही, जरी जाहिरातींत तसे सुचवले जात असले तरी; पाणी आणि मळ सहज निथळून जाणे, आणि त्यामुळे पुसण्याचा प्रसंग व जोर कमी होणे, हा त्याचा खरा लाभ आहे. नखाला अडकेल इतका खोल ओरखडा बहुधा तसाच ठेवला जातो, कारण तो पूर्ण काढण्याइतकी जाडी क्वचितच उपलब्ध असते. काळजीपूर्वक काम करणारे कारागीर अशा राखलेल्या ओरखड्यांची आणि प्रत्येक पॅनेलच्या आधीच्या व नंतरच्या मायक्रॉनची नोंद मालकाच्या हाती देतात, म्हणजे पुढे कधी दुसऱ्या कोणी यंत्र हाती घेतले तर किती रंग शिल्लक आहे हे त्याला आधीच कळते.