शिरेवाटे अन्न आणि कणभर धातु

ज्याचें आंतडें निकामी झालें आहे अशा रोग्यास अन्न कोणत्या वाटेनें द्यावें? पेनसिल्व्हानिया विद्यापीठांतील स्टॅन्ली डड्रिक व त्यांचे सहकारी यांनीं १९६८ सालीं दाखवून दिलें कीं, हृदयाजवळच्या मोठ्या शिरेंतून साखर, प्रथिनांचे घटक, क्षार व जीवनसत्त्वें दिलीं, तर केवळ तेवढ्यावर जीव जगतो. कुत्र्याचीं पिलें तर वाढलींहि.

प्रश्न सुटला असें वाटलें. पण एक गोष्ट हिशेबांतून निसटली होती. आपल्या भाकरींत व डाळींत जस्त, तांबें, सेलेनियम यांचा अंश असतोच. कोणी गृहिणी तो मोजून घालीत नाहीं. बाटलींत मात्र आपण घालूं तेवढेंच. आरंभीं प्रथिनांचा भाग दुधांतील केसिनसारख्या पदार्थांचें विघटन करून मिळवीत. त्यासोबत हे धातु नकळत येत. पुढें शुद्ध अमिनो आम्लें वापरांत आलीं, आणि द्रव जसजसा निर्मळ झाला, तसतसे नवे विकार दिसूं लागले! जस्तावांचून रोग्याच्या तोंडाभोंवतीं पुरळ उठे, केस गळत, हगवण लागे. जस्त देतांच त्वचा निवळूं लागे.

टोरोंटो येथील खुर्शीद जीजीभॉय यांनीं १९७७ सालीं प्रसिद्ध केलेली हकीकत तर विलक्षणच आहे. एक स्त्री तीन वर्षांहून अधिक काळ अशा पोषणावर होती. तिचें वजन घटलें, हातापायांच्या मज्जातंतूंस विकार जडला, रक्तांतील साखर आवरेना. इन्सुलिन देऊनहि पुरता गुण येईना. शेवटीं दोन आठवडे रोज २५० मायक्रोग्रॅम, म्हणजे पाव मिलिग्रॅम, क्रोमियम दिलें. पुढें इन्सुलिन बंद करतां आलें.

मग हे धातु सढळ हातानें ओतावे काय? तेंहि नाहीं. आंतडें हा देवडीवरचा पहारेकरी आहे. अन्नांतील मँगनीजपैकीं फारच थोडें तें आंत सोडतें. शिरेंतून दिलेलें मात्र सगळेंच रक्तांत उतरतें. तें बाहेर पडतें पित्तावाटे. यकृताच्या विकारानें पित्त तुंबलें, कीं तें मेंदूंत सांचतें, आणि कंप व अडखळती चाल हीं लक्षणें दिसूं शकतात. १९७९ सालीं अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या तज्ज्ञांनीं प्रौढास रोज १५० ते ८०० मायक्रोग्रॅम मँगनीज सुचविलें होतें. २०२० सालीं तेथें मान्य झालेल्या मिश्रणाच्या एका मिलिलिटरच्या मात्रेंत तें अवघें ५५ आहे. त्यांत क्रोमियम तर मुळींच नाहीं, कारण इतर द्रवांतून तें मिसळून येतच असतें.

तांब्याची गोष्ट अधिक नाजूक. तेंहि पित्तावाटेंच जातें. म्हणून पित्त तुंबलेल्या रोग्यास तें कमी करावेंसें वाटतें. पण अजिबात बंद केलें, तर पांडुरोग होऊन रक्तांतील पांढऱ्या पेशीहि घटूं शकतात. याउलट हगवणीनें आंतड्याचा रस फार जात असेल, तर जस्त त्याबरोबर वाहून जातें व नेहमींहून अधिक द्यावें लागतें. यास्तव घरीं वर्षानुवर्षें शिरेवाटे अन्न घेणाऱ्या रोग्याचें रक्त ठराविक काळानें तपासून मात्रा पुन्हां पुन्हां बदलावी लागते.