स्वातंत्र्य कोणाचे : स्त्रीचे की गर्भाचे?

व्यक्तीच्या जीवनात सरकारने कमीत कमी ढवळाढवळ करावी, हे अमेरिकेतील लिबर्टेरियन विचारसरणीचे मूलसूत्र. कर असोत वा अमली पदार्थ, बहुतेक प्रश्नांवर या सूत्रातून एकच उत्तर निघते. गर्भपाताबाबत मात्र परस्परविरोधी दोन उत्तरे निघतात.

स्वतःच्या देहावरील मालकी हा सर्व हक्कांचा पाया, असे एक गट मानतो. अर्थतज्ज्ञ मरे रॉथबार्ड यांची भूमिका अशी की, गर्भाला माणसाचे सर्व हक्क आहेत असे गृहीत धरले, तरी स्त्रीच्या इच्छेविरुद्ध तिच्या देहात राहण्याचा हक्क त्याला मिळत नाही. दुसऱ्या गटाचे उत्तर असे : गर्भ तेथे आगंतुकपणे शिरलेला नाही, मातापित्यांच्या कृतीमुळेच तो तेथे आहे. त्यामुळे त्याचे रक्षण हे त्यांचे दायित्व ठरते. याच भूमिकेतून १९७६ मध्ये ‘लिबर्टेरियन्स फॉर लाइफ’ ही संघटना स्थापन झाली. १९८८ मधील पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार, प्रसूतितज्ज्ञ रॉन पॉल हेही गर्भपातविरोधकच.

१९७१ मध्ये स्थापन झालेल्या लिबर्टेरियन पक्षाने या पेचातून मधला मार्ग काढला. दोन्ही बाजूंची मते प्रामाणिक असू शकतात, म्हणून सरकारने यात पडू नये आणि निर्णय प्रत्येकाच्या विवेकावर सोडावा, असे कलम पक्षाच्या जाहीरनाम्यात अनेक वर्षे होते. वरकरणी हे कलम तटस्थ होते. पण गर्भ हा हक्कधारी माणूस मानणाऱ्याला सरकारचे मौन तटस्थ वाटणे शक्य नव्हते. या कलमामुळे गर्भपातविरोधी लिबर्टेरियन दुरावतात, असे म्हणणाऱ्या ‘मिझेस कॉकस’ गटाचे मे २०२२ च्या अधिवेशनात वर्चस्व झाले आणि कलम वगळण्यात आले. महिनाभरातच, २४ जून रोजी, सर्वोच्च न्यायालयाने १९७३ चा ‘रो विरुद्ध वेड’ निकाल रद्द ठरवला. देशभर हा प्रश्न पेटला असताना पक्षाच्या जाहीरनाम्यात त्यावर स्वतंत्र कलमच उरले नव्हते.

२०२४ मध्ये पक्षाने चेस ऑलिव्हर यांना उमेदवारी दिली. गर्भपातात सरकारने पडू नये, या मताचे ते होते. २०१६ मध्ये गॅरी जॉन्सन यांना सुमारे ४५ लाख मते मिळाली होती. ऑलिव्हर यांना जेमतेम साडेसहा लाख मिळाली. या घसरणीला इतरही कारणे होती. तरीही एक गोष्ट उघड झाली : सरकारने काय करू नये, यावर एकमत होणे सोपे, स्वातंत्र्य नेमके कोणाचे, हे ठरवणे अवघड. त्याचे उत्तर कलम ठेवल्याने मिळाले नव्हते, वगळल्यानेही मिळाले नाही.