झिजलेल्या टायरचा हिशेब

नव्या टायरांवरील वस्तू व सेवा कर 22 सप्टेंबर 2025 पासून 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर उतरला, तेव्हा गोंदिया जिल्ह्यातील गोरेगावसारख्या धानपट्ट्यातील तालुक्याच्या गावी त्याचे स्वागत झाले तर त्यात नवल नाही. परंतु अकाली झिजलेल्या टायरचा भार एकट्या वापरणाऱ्यानेच का वाहावा, हा मूळ प्रश्न त्या सवलतीने सुटत नाही. भाडेकरारावर मोटार घेणाऱ्याची अवस्था तर अधिकच बिकट, कारण मोटार कंपनी टायरला आपल्या हमीतून वगळते आणि करारनामा झिजेचा बोजा त्याच्याच माथी ठेवतो.

वास्तविक ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 नुसार खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणाराही ग्राहकच होय, आणि तक्रारदार राहतो तेथेच दाद मागण्याची मुभा कलम 34 ने दिल्यामुळे गोरेगावच्या माणसाला कंपनीचे मुख्यालय गाठण्याचे कारण उरलेले नाही. त्याने गोंदियाच्या जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या मुदतीत जावे. मोटार व्यापारी प्रयोजनासाठी असेल तर हा मार्ग खुंटतो, मात्र स्वयंरोजगाराने उपजीविका करणाऱ्यास कायद्याने वगळलेले नाही.

परंतु झीज वाचता आली पाहिजे, आणि माझ्या मते दाव्याचा निकाल येथेच ठरतो. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी होती, मधला पट्टा झिजला तर अधिक होती. हे दोष वापरणाऱ्याचे. एकच कड खाल्ली गेली तर चाकांचे अलाइनमेंट बिघडलेले असते, आणि मोटार नवी असून कोठे आदळल्याची खूण नसेल, तर मोटार बनवणाऱ्यास जाब विचारलाच पाहिजे. नक्षीचा थर सुटून आला तर टायर बनवणाऱ्याचे दार ठोठावावे. तेथे भरपाई सामान्यतः उरलेल्या नक्षीच्या प्रमाणात मिळते: नव्या टायरची नक्षी 8 मिलिमीटर खोल धरली आणि नियमाने 1.6 मिलिमीटरखाली जाता येत नाही, तर वापरण्याजोगी 6.4 राहते; त्यातील निम्मी झिजून एकूण खोली 4.8 मिलिमीटर उरली असताना दोष सिद्ध झाला, तर निम्मी किंमत मागणे न्याय्य ठरते.

म्हणून मोटार ताब्यात घेताना चारही टायरांची खोली करारनाम्यात नोंदवून घ्यावी, हवा व अलाइनमेंटच्या पावत्या जपाव्यात, आणि दावा नाकारला गेल्यास कारण लेखी मागून टायर परत आणावा. दोष तपासणीवाचून ठरत नसेल तेथे वस्तू प्रयोगशाळेत पाठवण्याचा अधिकार कलम 38 ने आयोगाला दिला आहे, आणि टायरच हाती नसेल तर तपासायचे काय?